दहा हजारांत सॅटेलाइट, मिरजेतल्या एका गच्चीवरून

काकांची अट एकच होती. सगळं मिळून दहा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, आणि तेवढ्यात हॅम रेडिओने (लायसन्स काढून हौसेने चालवायचा बिनतारी रेडिओ) सॅटेलाइटवरून बोलून दाखवायचं, नुसतं ऐकलं तर धरणार नाही. मी म्हणलं होईल की, त्यात काय. सहा महिने लागले. त्यातले दोन तर असे गेले की आम्हाला वाटत होतं आपलं वर काही पोचतच नाहीये, आणि खरं तर पोचत होतं, आपलंच आपल्याला ऐकू येत नव्हतं.

काका म्हणजे नात्यातले नाहीत, गल्लीतले. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून टीव्ही रिपेअरिंग, नंतर डिश फिटिंग. २००५ च्या मे महिन्यात श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ उडालं, त्यात कार्टोसॅट-१ च्या जोडीला हॅमसॅट नावाचा ४२.५ किलोचा छोटा उपग्रह होता, खास हॅम लोकांसाठी, त्याचं पेपरातलं कात्रण काकांनी सोल्डरच्या ड्रॉवरमध्ये अजून जपून ठेवलंय. पण तेव्हा ना लायसन्स ना पैसा, कारण हॅमसॅटला दोन्ही बँडवर एसएसबी (आवाज पाठवायची एक वेगळी पद्धत) चालणारा मोठा रेडिओ लागायचा आणि तो दुकान विकलं तरी परवडला नसता असं ते म्हणतात. शेवटी दुकान बंद केल्यावर परीक्षा दिली, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, त्याला मोर्स लागत नाही, आणि व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, आलं. पण हॅमसॅटची बॅटरी जाऊन तो २०१४ च्या जुलैमध्येच गप्प झालेला. "माझं लायसन आलं आन् ते गेलं बघ," हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलंय.

तर प्रश्न असा की आज स्वस्तात काय पकडता येतं. एफएमवाले सॅटेलाइट, म्हणजे आकाशात फिरणारा रिपीटर समजा, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं दुसरीवर परत बोलणारा, त्याला साधी हँडी (हातात धरायचा रेडिओ) चालते. त्यात सगळ्यात जोरात येणारा म्हणजे आयएसएस, स्पेस स्टेशनवर हॅमचा रेडिओ आहे आणि तो बहुतेक वेळा क्रॉसबँड रिपीटर मोडमध्ये असतो, १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन (आवाजाखाली चालणारा बारीक सूर, तो असेल तरच रिपीटर उघडतो) लावून बोलायचं, ४३७.८०० वर ऐकायचं. दुसरा एसओ-५०, २००२ च्या डिसेंबरात गेलेला म्हातारा, पण पाव वॅट पॉवर, शिवाय त्याला आधी ७४.४ चा टोन दोन सेकंद देऊन उठवायला लागतं, मग दहा मिनिटं जागा राहतो. काका म्हणाले हा माझ्यासारखाच आहे, हलवल्याशिवाय उठत नाही. आणि तिसरा क्यूओ-१००, तो वेगळाच प्रकार आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आम्ही आयएसएस धरला. आणि लगेच पहिली चूक केली. दोन चायनीज ड्युअल बँड हँडी घेतल्या, बावीसशेला एक (दुकानदाराने लायसन्सची कॉपी मागितली, मागायलाच पाहिजे), आणि मी हौसेने नऊशे रुपयांची लांब व्हिप अँटेना मागवली, कारण फोटोत लोक तीच लावून उभे होते. पास (स्टेशन आपल्या आकाशातून जातं ती वेळ) आला, गच्चीवर गेलो, दहा मिनिटांत कुणाचं तरी अर्धं कॉलसाइन आणि बाकी खरखर. काकांनी व्हिप काढून हातात तोलून बघितली आणि म्हणाले, "नऊशेची उदबत्ती." ते नऊशे पुढे हिशोबात वेगळे लिहिलेत.

खरं सांगायचं तर स्वस्त सेटअपमध्ये रेडिओला फार किंमत नाही, सगळी गंमत अँटेनात आहे, आणि अँटेना ही एकमेव गोष्ट आहे जी घरी केली तर विकतच्या इतकीच चांगली होते. १४५ साठी आम्ही मेजर टेपची तीन एलिमेंटची यागी केली, म्हणजे एका दांडीवर ओळीने आडव्या पट्ट्या लावलेली, एका दिशेला रोखायची अँटेना, त्यातली एकेक पट्टी म्हणजे एलिमेंट. हे फार जुनं प्रसिद्ध डिझाइन आहे, पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे. मागची पट्टी साधारण १०५ सेंटीमीटर, पुढची ८९, मधली दोन तुकड्यांत, प्रत्येकी ४५, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पाच इंचाच्या वायरचा यू. मागच्या ते मधल्याचं अंतर २० सेंटीमीटर, मधल्या ते पुढच्याचं ३२. मूळ डिझाइन १४६.५ च्या आसपास ट्यून केलेलं आहे, म्हणून आम्ही प्रत्येक पट्टी जरा लांब ठेवली, अर्धा सेंटीमीटरच्या आसपास. एक गोष्ट कुणी सांगत नाही, टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून खालचं चकचकीत स्टील दिसेपर्यंत काढा, नाहीतर सोल्डर वरच्यावर बसल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की सुटतं. आमचं सुटलं. मग काकांनी त्यांची जुनी शंभर वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो, काढली आणि आधी टेपला वेगळं टिनिंग केलं, म्हणजे सोल्डरचा पातळ थर दिला, वायरला वेगळं, मग दोन्ही एकत्र. चाळीस वर्षांचा हात आहे तो.

४३७ ची पाच एलिमेंटची यागी कुपवाड एमआयडीसीतून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंग फिलर रॉडची केली. ती मीटरभर लांब मिळते, सरळ असते, आणि ४३७ ला एक एलिमेंट एक फुटाच्या थोडंसं वर, म्हणजे एका रॉडमध्ये जवळजवळ तीन निघतात. ड्रिव्हन एलिमेंट (ज्याला केबल जोडतात तो) मात्र तांब्याच्या जाड वायरचं, कारण अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळलीय ते, बघायला एका कॉलेजवाल्या मित्राचा नॅनो-व्हीएनए नावाचा मीटर दोन दिवस उसना आणला. विकत घ्यायची गरज नाही, अँटेना एकदाच ट्यून करायची असते.

या अँटेना हातात धरून पास घेतला आणि पहिल्यांदा स्पेस स्टेशनवरून येणारा आवाज असा आला जसा काय शेजारच्या गल्लीतून कोण बोलतंय. डॉपलरसाठी (स्टेशन जवळ येताना फ्रिक्वेन्सी वर सरकते, लांब जाताना खाली) हँडीत पाच चॅनेल भरून ठेवले होते, ४३७.८१०, मग ८०५, ८००, ७९५ आणि ७९०. येताना वरच्या चॅनेलला सुरुवात, डोक्यावर आला की मधलं, जाताना खाली. वर बोलायच्या १४५ ला काही बदलायला लागत नाही, तिथे डॉपलर तीन-साडेतीन किलोहर्ट्झच पडतो आणि एफएम तेवढं खपवून घेतं. स्क्वेल्च (खरखर दाबणारी सेटिंग) शून्यावर, नाहीतर कमजोर सिग्नल तो कापून टाकतो. आणि मनगट फिरवत राहायचं. अँटेना तिथेच रोखलेली असली तरी ती स्वतःभोवती पाव वळण फिरवली की गेलेला आवाज परत येतो, हे सांगून पटत नाही, हाताला कळतं. काकांना तिसऱ्या पासला कळलं, मला अजून नीट जमत नाही.

आता मुख्य भानगड. ऐकू यायला लागलं, मग बोलायचं ठरवलं. दोन हँडी घेतल्या होत्या त्या याचसाठी, एकीवर बोलायचं, दुसरीवर त्याच वेळी आपलाच आवाज वरून खाली येतोय का ते ऐकायचं. याला फुल डुप्लेक्स म्हणतात, आणि हे नसेल तर तुम्ही अंधारात बोलताय, दुसऱ्याच्या बोलण्यावर चढताय तेही कळत नाही. दोन्ही यागी एकाच पाइपवर बांधल्या, एका हातात धरायला सोपं म्हणून. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की ४३७ ची हँडी एकदम शांत. खरखर पण गायब. सोडला की परत आवाज. आम्हाला वाटलं टोन चुकलाय, टोन तपासला. वाटलं पॉवर कमी पडतेय, नवीन बॅटरी घातली. वाटलं डॉपलर. एका पासला तर काका चक्क ओरडून बोलले, जसं काय जोरात बोललं की वर जाईल. काका म्हणाले आपलं नशीबच हॅमसॅटचं आहे.

दोन महिने. मग एक दिवस पास नसताना, सहज म्हणून, डोंगल लॅपटॉपला लावून वॉटरफॉल (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं चित्र) बघत बसलो होतो. हा आरटीएल-एसडीआर डोंगल आम्ही सुरुवातीलाच घेतला होता, अडतीसशेला, मुळात टीव्ही बघायच्या यूएसबी स्टिकची चिप, २०१२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ती कुठलाही सिग्नल कच्चा देऊ शकते आणि तिथून स्वस्त रेडिओचं जगच बदललं. तर ४३७.८०० च्या आसपासचा भाग उघडा होता आणि काकांनी गंमत म्हणून हँडीचा पीटीटी दाबला, १४५.९९० वर. स्क्रीनवर ४३७.९७० ला अशी भरगच्च उभी रेघ आली. काकांनी बोट सोडलं, गेली. दाबलं, आली. मी मोबाइलवर गुणाकार केला, १४५.९९० गुणिले तीन, ४३७.९७०. म्हणजे आपलाच तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर उमटणारा नको असलेला सिग्नल), आणि तो आपण जिथे कान लावून बसलोय तिथून फक्त १७० किलोहर्ट्झवर. आयएसएस चारशे किलोमीटरवरून बोलतोय आणि आमचा स्वतःचा कचरा दीड फुटावरून बोंबलतोय.

काकांचा अनुभव इथे कामाला आला. ते म्हणाले थांब, ही रेघ खरी आहे का तुझा डोंगलच ओव्हरलोड होऊन खोटं दाखवतोय ते आधी बघू. डोंगल खालच्या खोलीत नेला, अँटेनाऐवजी बोटभर वायर लावली, वरून पीटीटी दाबला. रेघ बारीक झाली पण राहिली. म्हणजे खरी. इतक्या साध्या टेस्टने आमचे दोन महिने वाचले असते, असो.

विकत डुप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारे फिल्टर) मिळतात पण बजेट संपत आलेलं. काकांनी वहीत आकृती काढली. बीएनसी कनेक्टरचा टी, हँडी आणि अँटेनाच्या मध्ये, आणि टी च्या तिसऱ्या तोंडाला आरजी-५८ केबलचे दोन तुकडे एकाच ठिकाणी जोडलेले. एक ११.३ सेंटीमीटर, टोक उघडं. दुसरा २२.६, टोकाला आतली तार आणि जाळी एकत्र सोल्डर करून शॉर्ट. ४३७ ला हे दोन्ही तुकडे जोडापाशी शॉर्टसारखे दिसतात, म्हणजे हार्मोनिक तिथेच जिरतो. आणि १४५ ला? उघडा तुकडा कपॅसिटरसारखा वागतो, शॉर्टवाला कॉइलसारखा, आणि दोघे बरोबर एकमेकांना खोडून टाकतात, म्हणजे आपल्या खऱ्या सिग्नलला वाटतं मध्ये काही नाहीच. एकूण लांबी १४५ च्या पाव वेव्हलेंथइतकी, आणि तिचा एक तृतीयांशावर घेतलेला टॅप. केबलमध्ये वेग कमी असतो म्हणून हे आकडे ०.६६ ने गुणून आलेले आहेत, फोमवाली केबल घेतली तर बदलतील. मोजून नाही जमलं तर उघडा तुकडा जरा लांब ठेवायचा आणि डोंगलवर रेघ बघत बघत मिलिमीटरने कापत यायचं. आम्ही तसंच केलं, कात्री लावली की रेघ एक पायरी खाली. शेवटी ती जवळजवळ तळाला गेली. खर्च, एक टी आणि फूट-सव्वाफूट केबल.

तरी पूर्ण सुटलं नाही. हार्मोनिक गेला पण १४५ चा मूळ सिग्नलच इतका जवळून येतो की स्वस्त हँडीचा रिसीव्हर पुढूनच दबतो, त्याला चांगला फ्रंट एंड फिल्टर नसतो, त्या किमतीत असणारही नाही. त्यावर तीन उपाय एकदम केले. पॉवर पाच वॅटवरून लो वर आणली, यागीसोबत आयएसएसला एक वॅट पुरतो. दोन्ही अँटेना एका पाइपवरून सोडवल्या आणि एकीचे एलिमेंट दुसरीच्या काटकोनात ठेवले. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मी बोलायची हँडी घेऊन पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेलो, काका ऐकायची घेऊन जिन्याच्या टोकाला. चाळीसेक फूट अंतर पडलं. लायसन्स काकांचं, त्यामुळे अडचण अशी की बोलणार ते आणि ऐकणार पण तेच हवेत. मग अदलाबदल केली, बोलायची बाजू काकांकडे, ऐकायची माझ्याकडे, आणि माझ्या हँडीतून एक लांब हेडफोनची वायर काकांच्या कानापर्यंत. लग्नातल्या मांडवाची लायटिंग केल्यासारखी ती वायर गच्चीभर.

पुढचा चांगला पास संध्याकाळचा होता, नैऋत्येकडून वर येऊन ईशान्येला जाणारा, साठ अंशाच्या वर. काकांनी कॉलसाइन म्हटलं, आणि त्यांच्या कानात त्यांचाच आवाज परत आला. ते बोलायचंच विसरले. तीन-चार सेकंद नुसतं उभे. मी टाकीपलीकडून ओरडतोय, "काका, बोला की ओ, जाईल तो!" मग त्यांनी परत कॉल दिला आणि एमके७६, हा आमचा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा हॅम लोकांचा कोड), आणि हैदराबादच्या एका स्टेशनने उत्तर दिलं, एमके९७. दोन वाक्यं. रिपोर्ट, ग्रिड, धन्यवाद. पास संपायच्या आत बंगळुरूचं अजून एक. काकांनी लॉगबुकात दोन ओळी लिहिल्या आणि मग कितीतरी वेळ वही बंदच केली नाही.

आता क्यूओ-१००. हा कतारच्या एसहेल-२ या टीव्ही सॅटेलाइटवर बसलेला हॅमचा ट्रान्सपॉन्डर (खालचं ऐकून परत खाली पाठवणारा भाग), २०१८ च्या नोव्हेंबरात उडाला, २०१९ च्या फेब्रुवारीपासून हॅम लोकांना खुला. भूस्थिर आहे, म्हणजे पास वगैरे भानगड नाही, चोवीस तास एकाच जागी, आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंत दिसतो. वर २.४ गिगाहर्ट्झला बोलायचं, खाली १०.४८९ गिगाहर्ट्झला ऐकायचं. बोलण्याचा खर्च आमच्या बजेटच्या कितीतरी पट, त्यामुळे तो विषय तिथेच बंद. पण ऐकणं? ते तर जुन्या डीटीएचच्या डिशवर होतं, आणि डिश म्हणजे काकांचं राज्य. भंगारवाल्याकडून तीनशेची डिश, साडेतीनशेचा नवीन युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी असतो तो डबा (पीएलएलवाला, फ्रिक्वेन्सी स्थिर धरणारा, बघून घ्या, जुन्या डीआरओचा सिग्नल ऊन-सावलीबरोबर सरकत राहतो). एलएनबीचा ऑसिलेटर ९७५० चा, तेवढे वजा होतात, म्हणजे १०४८९.७५ चा बीकन (सॅटेलाइटचा सतत चालणारा खुणेचा सिग्नल) ७३९.७५ मेगाहर्ट्झला येतो, डोंगलला सहज दिसतो. एलएनबीला वरून व्होल्टेज द्यायला लागतं, डोंगल स्वतः साडेचार व्होल्टच देतो, ते पुरत नाही, म्हणून एक कॉइल, एक कपॅसिटर असा घरगुती बायस-टी (सिग्नलच्याच केबलमधून वर वीज पाठवणारा जोड), चाळीस रुपयांत. कपॅसिटर मध्ये घालायला विसरलात तर डोंगलचे अडतीसशे गेले म्हणून समजा.

डिश लावताना काकांच्या सगळ्या सवयी उलट्या पडल्या. आपल्याकडच्या डीटीएच डिश दक्षिणेकडे आणि बऱ्याच वर बघतात. हा सॅटेलाइट २६ अंश पूर्वेला, अरबी समुद्राच्याही पलीकडे, मिरजेतून बघितलं तर पश्चिमेला जरा दक्षिणेकडे, २५६ अंशावर, आणि फक्त ३२ अंश वर. ऑफसेट डिश असल्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी दिसते, जसं काय समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला बघतेय. काका म्हणाले असं लावलेलं गिऱ्हाईकाने बघितलं तर पैसे देणार नाही.

सिग्नल आला पण फार बारीक. डिश इकडे तिकडे, काही नाही. मग काकांनीच कपाळावर हात मारला, स्क्यू! सॅटेलाइट आपल्या डोक्यावरच्या रेषेपासून इतका पश्चिमेला आहे की त्याचं व्हर्टिकल आपल्याकडे येईपर्यंत पार आडवं पडलेलं असतं, एलएनबी साधारण ६८ अंश फिरवायला लागतो, डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या दिशेने. आपल्या डीटीएचला एवढा कधीच लागत नाही. ब्रॅकेटमध्ये तेवढा फिरेना. मग फिटरची युक्ती, बारा व्होल्टऐवजी जुन्या लॅपटॉपचा अठरा-एकोणीसचा अ‍ॅडॅप्टर लावला, एलएनबी आतल्या आत हॉरिझॉन्टलला गेला, आणि आता उलट्या दिशेने फक्त २२ अंश. बीकन असा वर आला की वॉटरफॉलचा रंगच बदलला. युरोपातली, आफ्रिकेतली माणसं निवांत गप्पा मारत होती. आपला रिसीव्हर बरोबर आहे का हे कळायला इंग्लंडच्या गूनहिलीचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर) बाजूला उघडून ठेवा, फुकट आहे, तिथला आणि आपला बीकन शेजारी शेजारी बघता येतो.

हिशोब. डोंगल ३८००, दोन हँडी ४४००, दोन यागीचं सामान ६५०, केबल, कनेक्टर, टी वगैरे ७००, डिश, एलएनबी, बायस-टी ६९०. एकूण १०,२४०. उदबत्तीचे नऊशे धरले तर ११,१४०. माझ्या मते डोंगल अडतीसशेचा घेतला ते बरोबर केलं, कारण हार्मोनिक त्यानेच पकडून दिला, आणि स्वस्त नकली घेतला असता तर तो स्वतःच तापून सरकत राहिला असता. दुसरी हँडी मात्र टाळता आली असती, ऐकायला डोंगलच चालतो, फक्त गच्चीवर एका हातात लॅपटॉप, एका हातात यागी, हे ज्याला जमेल त्याने करावं. काका वरच्या २४० साठी अजून माझ्याशी भांडतात, नऊशेचा तर विषयच काढत नाहीत, ते माझ्या खिशातून गेलेत.

डिश अजून तशीच उभी आहे, भिंतीला काटकोनात, पश्चिमेकडे तोंड करून. परवा समोरच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून हाक मारली, "ओ काका, तुमची छत्री आमच्या खिडकीकडे फिरलीय बघा वाऱ्याने!" काका म्हणाले असू दे असू दे, आणि हेडफोन परत कानाला लावला.